मंडळीतील पाप आणि फसवणूक: प्रत्येक वेळी ‘आधी एकांतात’ नव्हे

बंधू, सप्रेम सलाम.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समाजात, पाप आणि लबाडी शिरू नये म्हणून आधीच काय करून ठेवावे? आणि कोणाविरुद्ध तक्रार आलीच, तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायाप्रमाणे आधी त्याला एकांतात भेटणे दर वेळी बंधनकारक आहे का? दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते. दर वेळी बंधनकारक नाही.

मत्तय १८:१५-१७ मधला क्रम आपल्याला पाठ असतो: आधी दोघांत, मग एकदोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. भावाने भावाचा अपराध केला असेल त्यासाठी तो आहे. शब्द मोडला, उसने घेऊन टाळाटाळ केली, पाठीमागे वाईट बोलला, अशा वेळी हाच मार्ग, आणि तो गाळून थेट चारचौघांत बोलणे हेच पाप ठरते. पण करिंथ येथील मंडळीतल्या उघड व्यभिचाराबद्दल प्रेषित पौलाने ‘आधी एकट्याला भेटा’ असे लिहिले नाही, कारण गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि मंडळी गर्वाने फुगून गेली होती (१ करिंथ ५:१-५). अंत्युखियात केफाचे, म्हणजे पेत्राचे, चुकणे सर्वांदेखत झाले, म्हणून त्याला बोलही सर्वांदेखत लावला गेला (गलती २:११-१४). पाप जितके पसरले आहे तितक्याच लोकांपुढे ते हाताळायचे, कमी नाही आणि जास्तही नाही.

गुन्ह्याचा मार्ग तर वेगळाच. मारहाण, लैंगिक अत्याचार, बालकाला इजा, पैशांचा अपहार यांसाठी देवाने अधिकाऱ्यांच्या हाती शिक्षेची तरवार दिली आहे (रोम १३:४), वडीलमंडळाच्या, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या वडिलांच्या, नव्हे. जिला इजा झाली तिला ‘आधी जाऊन त्याच्याशी बोल’ असे सांगणे म्हणजे मेंढराला पुन्हा लांडग्याकडे पाठवणे. बालकाने काही सांगितले तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. अनेक देशांत हे कायद्यानेच बंधनकारक आहे. आरोप असलेल्याला आधी विचारायला जाऊ नका; तो सावध होतो, पुरावा नाहीसा होतो आणि बालकावर दबाव येतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही ऐकण्याआधी कोणालाच देऊ नका. ‘ज्यांनी मदत करायची तेवढ्यांनाच सांगेन’ एवढेच म्हणा.

इथे १ तीमथ्य ५:१९ हमखास पुढे केले जाते: दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलाविरुद्ध आरोप दाखल करून घेऊ नकोस. हे वचन वडिलाला कंड्यांपासून वाचवते, चौकशीपासून नाही. बंद दाराआड झालेल्या गोष्टीला डोळ्यांनी पाहणारे दोघे कुठून येणार? संदेश, हिशोबाच्या नोंदी, एकमेकांना न ओळखणाऱ्यांनी सांगितलेली सारखीच हकिकत, यांचीही साक्ष होते. शिवाय लगेच पुढच्या वचनात पाप करत राहणाऱ्या वडिलाला सर्वांसमक्ष दोष द्यायला सांगितले आहे, आणि त्याच्या पुढच्यात पक्षपात न करण्याची शपथ घातली आहे. १९ वाचून थांबणाऱ्याला २० आणि २१ मोठ्याने वाचायला लावा.

आता पैसे. येशूच्या बारा शिष्यांतसुद्धा पैशांची डबी ज्याच्याकडे होती तोच त्यातले काढून घेई (योहान १२:६), तेव्हा ‘आपल्यात कोण असे करणार’ हे उत्तर नव्हे. यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी जमवलेली मदत पौलाने एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघे बंधू दिले, त्यांतला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला होता, कारण प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या नजरेतही व्यवहार चोख असायला हवा होता (२ करिंथ ८:१८-२२). त्याआधी कित्येक शतके, बाबेलहून यरुशलेमेला निघताना, एज्रा याजकाने ६५० किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी, १०० किक्कार सोने आणि पात्रे १२ प्रमुख याजकांना तोलून दिली. यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी सगळे पुन्हा तोलले, मोजले आणि वजन लिहून ठेवले (एज्रा ८:२४-३४). याजकांवर संशय होता म्हणून हे केले नव्हते. देताना तोल आणि घेताना तोल, ही पद्धतच होती.

तुमच्याकडे हीच पद्धत अशी बसवा. उपासना संपताच, त्याच इमारतीत, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी दानार्पण मोजायचे. नोटा आणि नाणी मूल्यानुसार वेगळी करून प्रत्येकाची संख्या व रक्कम कागदावर लिहायची. नाव घातलेल्या पाकिटांची यादी वेगळी. खाली बेरीज, तारीख, दोघांच्या सह्या. आकडा चुकला तर त्यावर गिरवायचे नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि तिथे दोघांनी सही करायची. कागदाच्या दोन प्रती करा: एक खजिनदाराकडे, दुसरी दुसऱ्या एखाद्या वडिलाकडे. रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी जशीच्या तशी भरायची. वाटेत त्यातून फुलांचे किंवा चहाचे पैसे भागवायचे नाहीत. महिनाअखेर मोजणीचे कागद, वही आणि बँकेचे विवरण यांचा मेळ अशा माणसाने घालायचा, ज्याला धनादेशावर सही करण्याचा अधिकार नाही.

हे नियम कागदावर असूनही मोडतात, आणि मोडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. दुसऱ्या सहीचा माणूस गावाला जाताना कोऱ्या धनादेशांवर सह्या करून जातो. त्या क्षणी दोन सह्यांचा नियम संपला. पती-पत्नी किंवा बापलेक हे दोन सह्यांचे मालक असतात. मोजणीला दुसरा कोणी थांबत नाही, म्हणून ‘या आठवड्यापुरते’ एकच जण मोजतो. गरजूंच्या मदतीची रक्कम पाळकांच्या हाती रोख दिली जाते आणि पावती मागणे उद्धटपणा समजला जातो. अशा मदतीला दोघांची मंजुरी आणि घेणाऱ्याची पोच असावी. नाव गुप्त ठेवायचे तर ते बंद पाकिटात ठेवून वहीत फक्त क्रमांक घाला. दानासाठी लावलेला क्यूआर कोडही महिन्यातून एकदा स्वतः स्कॅन करून बघा: पडद्यावर मंडळीचे नाव येते की कोणा व्यक्तीचे? मूळ कोडवर दुसरा कागद चिकटवायला काही सेकंद पुरतात.

बाहेरची लबाडी बहुतेक वेळा ओळखीच्या चेहऱ्याने येते. ‘पाळकांचा’ नव्या क्रमांकावरून संदेश: सभेत आहे, फोन करू नका, तातडीने एवढे पाठवा. उत्तर देऊ नका, त्यांच्या जुन्या क्रमांकावर फोन करा. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो प्रार्थना करून सुरू होतो: विश्वासू बंधूची गुंतवणूक योजना, ठरावीक आणि भरघोस परतावा, थोड्याच जणांना संधी. सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळतात ते नंतर आलेल्यांच्या पैशांतून, आणि त्यांच्या साक्षीवर बाकीचे भाळतात. म्हणून सरसकट नियम करा: व्यासपीठावरून, मंडळीच्या गटात आणि सभासदांच्या यादीवरून कोणाचाही धंदा किंवा योजना पुढे करायची नाही. वडिलांचीही नाही.

शिक्षणातली फसवणूक ओळखायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपण देत नाही. पौलाने इफिसच्या वडिलांना बजावले होते की क्रूर लांडगे बाहेरून येतील आणि तुमच्यामधूनही काही उठतील (प्रेषितांची कृत्ये २०:२९-३०). आरंभीच्या मंडळीच्या ‘डिडाखे’ या पुस्तिकेत फिरत्या प्रेषिताची कसोटी अगदी रोखठोक दिली आहे: एक दिवस राहावा, गरज असल्यास दोन, तीन दिवस राहिला किंवा निघताना पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा. दिवसांचा आकडा तसाच पाळावा असे मी म्हणत नाही, पण माणूस काय घेऊन जातो याकडे त्यांची नजर होती, ती आपलीही हवी. नव्याने आलेल्याला किमान सहा महिने शिकवण्याचे किंवा मुलांचे काम देऊ नका आणि आधीच्या मंडळीला फोन करून विचारा. प्रश्नही नेमका विचारा: ‘तुम्ही यांना पुन्हा तेच काम द्याल का?’ समोरचा अडखळला तर तेच उत्तर समजा. काहींची पापे मागाहून दिसतात, असे १ तीमथ्य ५:२४ म्हणते; घाईने कोणावर हात ठेवू नकोस, म्हणजे घाईने कोणाला सेवेवर नेमू नकोस, ही सूचना त्याच्या अगदी जवळ, ५:२२ मध्ये आहे.

‘प्रभूने मला सांगितले’ याने चर्चा संपत नाही. १ करिंथ १४:२९ प्रमाणे संदेष्टे बोलतात आणि इतर पारख करतात. पारख करू न देणारा, निवडक लोकांचा वेगळा गट बांधून ‘हे बाकीच्यांना कळणार नाही’ म्हणणारा, प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवणारा, हे तिन्ही एकाच माणसात दिसले तर वडिलांनी त्याच आठवड्यात बसावे. तीत ३:१० दोनदा बोध करायला सांगते, मग दूर राहायला. दोनदा म्हणजे तारखा लिहून दोनदा.

चौकशीबद्दल थोडक्यात. तिघे नेमा, आरोपीचे नातलग किंवा त्याच्या हाताखालचे नकोत. पाळकांवरच आरोप असेल तर निदान दोघे दुसऱ्या मंडळीचे हवेत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका, कारण पहिला बोलणारा नेहमी खरा वाटतो (नीतिसूत्रे १८:१७). चौकशी चालेपर्यंत त्या व्यक्तीचे काम थांबवा आणि मंडळीला एवढेच सांगा की चौकशी चालू आहे. बाकी बोलणे ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत घराघरांत पोचते; प्रार्थनासभेत नाव आणि तपशील घेऊ नयेत हे सभा चालवणाऱ्याने आधीच सांगावे. आरोप खोटा निघाला तर ज्या लोकांपुढे काम थांबवले त्यांच्याचपुढे तसे जाहीर करा.

पाप सिद्ध झाले आणि माणूस रडला, तर बहुतेक मंडळ्या तिथेच प्रकरण बंद करतात. अश्रूंवर जाऊ नका. ‘कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी’ यात ना पापाचे नाव आहे, ना ज्याचे बिघडवले त्याचे. काय केले, कोणाचे केले, किती घेतले, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि परतफेड सुरू करावी. नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा होता (गणना ५:७), जकातदार जक्कयाने तर चौपट कबूल केले. असे करणाऱ्याला ताटकळत ठेवू नका. त्याला दुःखाने गिळून टाकू नये म्हणून क्षमा करा, धीर द्या, असे पौलानेच लिहिले (२ करिंथ २:६-८). प्रभुभोजनाच्या मेजावर त्याला पुन्हा जागा मिळू शकते, पण डबी किंवा मुलांचा वर्ग मिळणार नाही, आणि हे दोन निर्णय वेगळे आहेत असे त्याला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडेही दोघे जण वेगळे जाऊन यावेत, महिन्याभराने पुन्हा जावेत, आणि त्याला क्षमेची घाई करू नये.