सिमेंटच्या खांबाला भोक पाडू नका

प्रश्न : गुहागरजवळ आमची आंब्याची बाग आहे. रस्त्याच्या बाजूने ४ बाय ४ इंची सिमेंटचे तयार खांब ८-८ फुटांवर उभे केलेत. मोकाट गुरं आत शिरतात म्हणून किंजळीच्या लाकडाच्या आडव्या रिपा मारायच्या आहेत. मिस्त्रीने ड्रिलने भोकं पाडून अँकर फास्टनर ठोकले, तर तीन खांब कोपऱ्यातून तडकले. आता काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी काम थांबवा. उरलेल्या खांबांना ड्रिल लावू देऊ नका.

अँकर फास्टनर पकड धरतो तो आतून फुगून. स्लॅबमध्ये चारही बाजूंना भरपूर काँक्रीट असतं, ते हा दाब सोसतं. तुमच्या खांबात भोकापासून कडेपर्यंत जेमतेम दोन इंच. त्यातच खांबाच्या सळ्या कोपऱ्यांजवळ, वरच्या थराखाली असतात. न तडकलेला खांबही वाचला असं समजू नका. वेंगुर्ल्याला माझ्या बहिणीच्या परसाचं कुंपण मीच असं भोकं पाडून केलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भोकांखाली तांबूस ओघळ दिसू लागले, मग कोपऱ्याची खपली हातात आली आणि आत गंजून फुगलेली सळी. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडून ती मिळवतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं. ते सगळे खांब बदलावे लागले, आणि तेव्हापासून मी तयार खांबाला भोक पाडू देत नाही.

खांबाला मिठी मारणारा क्लॅम्प करून घ्या. २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून यू आकारात वाकवून घ्यायची, दोन्ही टोकांना बाहेर वळवलेले कान ठेवायचे. यू बागेच्या बाजूने खांबाला बसतो, रीप रस्त्याच्या बाजूने, आणि कानातून व रिपेतून १० मिलिमीटरचे दोन बोल्ट. यू-ची खोली खांबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवा. नाहीतर कान रिपेला टेकतात, आणि मग नट कितीही आवळा, खांबाला पकड बसत नाही. तयार खांब बरेचदा वर निमुळते असतात, म्हणून प्रत्येक रिपेच्या उंचीवर वेगळं माप घ्या. क्लॅम्पला भोकं पाडून, वाकवून झाल्यावरच गॅल्व्हनाइझ करायला, म्हणजे जस्ताचा थर चढवायला द्या. आधी केलं तर कापलेल्या कडा उघड्या राहून तिथूनच गंज सुरू होतो. खांब आणि क्लॅम्पमध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की क्लॅम्प सरकत नाही.

रीप रस्त्याच्याच बाजूला हवी. गुरं बाहेरून अंग घासतात, रेटतात. तो रेटा रिपेवरून थेट खांबावर गेला पाहिजे. रीप आतून असेल तर सगळा भार बोल्टवर येतो. बोल्टचं डोकं बाहेर, नट आत, आणि लाकडाच्या बाजूला मोठा वॉशर.

दोन रिपांचा सांधा खांबावरच घ्या. ४ इंचांत दोन टोकं दाटीवाटीने बसवलीत तर बोल्ट टोकाजवळ येऊन लाकूड चिरतं, त्यापेक्षा रिपा एकीवर एक चढवून पुढे काढा. वरच्या आणि खालच्या ओळीचे सांधे एकाच खांबावर नकोत. किंजळ ओली असेल तर उन्हाळ्यात आटते आणि नट सैल पडतात. पहिल्या वर्षी मे महिन्यात पाना घेऊन एक फेरी माराच.

तडकलेल्या तीनपैकी ज्याची चीर आरपार गेली आहे तो बदला. नुसती खपली उडाली असेल तर सळी तारेच्या ब्रशने घासून, झिंक प्रायमर लावून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरा. पण गेटजवळ किंवा कोपऱ्यावर असा खांब ठेवू नका, तिथे ताण जास्त असतो.

बदली खांब सांगताना कारखान्यात रिपेच्या उंचीवर साच्यातच पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवायला सांगा, सळ्यांपासून दूर, बरोबर मध्यावर. ओतताना राहिलेलं भोक खांबाला इजा करत नाही. आपल्याकडच्या बेड्याच्या, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकाच्या खांबांना भोकं असतात ना, बांबू आडवे सारायला? तसंच. गेटच्या दोन खांबांना तरी हे नक्की करून घ्या.