कारगिलमध्ये लेझर बॉम्बमुळेच पारडं फिरलं का?

तुम्ही विचारलंय, की पहिल्या तीन दिवसांत दोन विमानं आणि एक हेलिकॉप्टर गमावलेल्या आपल्या हवाई दलाला कारगिलमध्ये लेझर बॉम्बनेच तारलं का. माझ्या मते नाही. तो बॉम्ब पडायच्या आधीच पारडं फिरायला लागलं होतं.

ऑपरेशन सफेद सागर, म्हणजे कारगिलमधली हवाई दलाची मोहीम, २६ मे १९९९ला सुरू झालं. २७ला वैमानिक नचिकेतांच्या मिग-२७चं इंजिन बंद पडलं. त्यांना शोधायला तिथेच घिरट्या घालणाऱ्या अजय आहुजांच्या मिग-२१वर क्षेपणास्त्र आदळलं. २८ला एमआय-१७ पाडलं गेलं, चौघे गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर नव्हते, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

मी द्रासला रस्त्यावर उभा राहून तोलोलिंग शिखराकडे पाहिलं, तेव्हा अडचण खरी कळली. मान पार मागे टाकावी लागते. खांद्यावरून सोडायचं स्टिंगर क्षेपणास्त्र साधारण ११-१२ हजार फूट वर जातं. मैदानात त्याच्या वरून उडणं सोपं. इथे ते डागणाराच १६ हजार फुटांवर बसलेला! म्हणजे विमानाने ३० हजारांच्या आसपास राहायचं, आणि तिथून दगडी बंकर दिसणार ठिपक्याएवढा. त्यात हवा विरळ, त्यामुळे नेहमीच्या उंचीसाठी बसवलेली बॉम्बची गणितं चुकतात. धारेवर थोडा नेम हुकला की बॉम्ब थेट पलीकडच्या दरीत. शिवाय नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा सरकारचा सक्त आदेश. विमान कुठून आत घ्यायचं आणि कुठे वळवायचं, याला जागाच उरत नव्हती.

मग पद्धत बदलली. हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरं काढली, विमानं वर नेली. मिग-२१च्या वैमानिकांनी हातात मावणारा जीपीएस आणि स्टॉपवॉच यांच्या भरवशावर बॉम्ब टाकले. हवाई दलप्रमुख होते आपले अनिल यशवंत टिपणीस.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १७ जूनचा हल्ला. बटालिक भागात मुंथो ढालोला शत्रूचा रसदतळ होता. मिराज विमानांनी तो साध्या, लेझर नसलेल्या बॉम्बनी उडवला. शिखरावरचा माणूस खाली साठवलेल्या शिध्यावर आणि दारूगोळ्यावर जगतो. एकेक बंकर टिपत बसण्यापेक्षा तो साठा गेला, की वरचे आपोआप लुळे पडतात.

टायगर हिलवर लेझर बॉम्ब पडला २४ जूनला. विमानाखाली लावलेल्या इस्रायली लायटनिंग पॉडच्या, म्हणजे कॅमेरा आणि लेझर असलेल्या संचाच्या, पडद्यावर तंबू दिसतात, त्यांच्यावर खूण स्थिर ठेवायची आणि लेझरच्या ठिपक्यामागे बॉम्ब जातो. कामगिरी अचाटच होती, पण मधे ढग आला की लेझर आंधळं. आणि बॉम्बने शिखर मोकळं होत असलं तरी ताब्यात येत नाही. टायगर हिल हाती आलं ४ जुलैला, रात्री दोर लावून कडा चढलेल्या जवानांमुळे.