डीएनए अजिबात न बदलता एखादा गुण पुढच्या पिढीत जाऊ शकतो का? माणसात असं होतं का?

हो, जातो. यीस्टमध्ये तर प्रायॉनमधून नक्कीच जातो; प्रायॉन म्हणजे आपली वेगळी घडी स्वतःसारख्याच इतर प्रथिनांना लावणारं प्रथिन. "शेवटी सगळं म्युटेशनच, म्हणजे डीएनएतला बदलच, असतं" असं तुम्हाला कुणी ठासून सांगितलं असेल, तर त्यांचं वाचन १९९४ च्या आधीच थांबलंय.

जरा तावातावाने लिहितोय, कारण एमएस्सीच्या व्हायव्हात याच मुद्द्यावर माझे मार्क कापले गेले.

प्रोजेक्ट साय-प्लस यीस्टवर होता, म्हणजे सुप३५ या प्रथिनाचं प्रायॉन रूप बाळगणाऱ्या यीस्टवर. या स्ट्रेनच्या (वाणाच्या) एडीई१ जनुकात मध्येच एक स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन बनवणं थांबवण्याची खूण, आहे. त्यामुळे अ‍ॅडेनीन बनवण्याचा मार्ग अडतो, लाल रंगद्रव्य साठतं आणि कॉलनी लाल दिसायला हवी. माझ्या कॉलनी पांढऱ्या होत्या. कारण रायबोसोमला (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला) स्टॉपपाशी थांबवणारं सुप३५ हे प्रथिनच अमायलॉइडच्या, म्हणजे वेगळ्या घडीच्या प्रथिनांच्या तंतूंच्या, गुठळ्यांत अडकलेलं असतं. मग रायबोसोम अधूनमधून स्टॉप ओलांडतो आणि एन्झाइम कामापुरतं बनतं. नव्याने तयार होणाऱ्या सुप३५ लाही या गुठळ्या आपल्याच घडीत ओढतात. एचएसपी१०४ हे दुसरं प्रथिन त्यांचे तुकडे करतं आणि ते तुकडे कळीतून नव्या पेशीत उतरतात. जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

काही मिलिमोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड या रसायनावर वाढवल्यावर त्याच पेशींपासून लाल कॉलनी आल्या. एक्स्टर्नल परीक्षक म्हणाले, "ग्वानिडीनने म्युटेशन झालं." मी विचारलं, सर, जवळजवळ सगळ्याच पेशींत, एकाच दिशेने? "सिलेक्शन," ते म्हणाले. पण ग्वानिडीनच्या आणि साध्या प्लेटवरच्या कॉलनींची संख्या सारखीच होती; निवड व्हायला आधी काही मरावं तरी लागतं! तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. माझे गाईड शेजारीच बसले होते, एक शब्द बोलले नाहीत.

खरं तर वाद कधीच मिटलेला होता. ब्रायन कॉक्स यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं की साय-प्लस मेंडेलच्या हिशोबात बसत नाही: पांढऱ्या आणि लाल पेशींचा संकर केला की दोन पांढरे-दोन लाल न येता चारही बीजाणू पांढरे येतात. लाक्रूट यांना १९७१ मध्ये यूआरई३ हा यीस्टमधला असाच गुण सापडला, आणि रीड विकनर यांनी १९९४ मध्ये त्याचा उलगडा केला: हा गुण म्हणजे युरे२ या प्रथिनाचंच प्रायॉन रूप. जनुक-नियंत्रणाचं म्हणाल तर याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. अमोनियासारखा चांगला नायट्रोजन मिळत असताना युरे२ हे जीएलएन३ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर रोखून धरतं. युरे२ गुठळ्यांत गेलं की जीएलएन३ आत शिरतं आणि डीएएल५ सारखी जनुकं नको तेव्हा चालू होतात. ती चालू अवस्था लेक-पेशींनाही मिळते. पुढे २००४ मध्ये परीक्षानळीत बनवलेलं सुप३५ चं अमायलॉइड यीस्टमध्ये घालून नुसत्या प्रथिनाने साय-प्लस पेशी मिळवल्या गेल्या. यात म्युटेशन कुठे बसवणार?

माणसाचं थोडक्यात: आपल्याकडचे प्रायॉन आजार संसर्गाने पसरतात, आपसूक उद्भवतात किंवा पीआरएनपी या प्रायॉन-प्रथिनाच्या जनुकातल्या म्युटेशनमुळे घराण्यात येतात. म्हणजे घराण्यात येतात तेव्हा पुढे जातो तो डीएनएच. यीस्टची गोष्ट माणसाला सरळ चिकटवू नका.

आणि हो, हे यीस्टच्या फायद्याचं असतं का, यावर जाणकारांतच भांडण आहे. यीस्टच्या प्रायॉनवर काम केलेल्या सुझन लिंडक्विस्ट यांना त्यात बदलत्या परिस्थितीला तोंड देण्याची सोय दिसली. विकनर त्याला यीस्टचा आजार म्हणतात. विकनर यांच्या गटाने ७० रानटी स्ट्रेन तपासल्या, त्यांत साय-प्लस आणि यूआरई३ एकातही मिळाले नाहीत. मला विकनर पटतात.

तुमची व्हायव्हा असेल आणि कुणी "ग्वानिडीनने म्युटेशन" म्हणालंच, तर न विभागणाऱ्या पेशींचं विचारा. ग्वानिडीन एचएसपी१०४ ला बंद पाडतं, तुकडे होणं थांबतं आणि दर विभाजनाला गुठळ्या विरळ होत जातात. विभाजनच थांबलेल्या पेशी त्याच ग्वानिडीनमध्ये ठेवल्या तर साय-प्लसच राहतात. हे म्युटेशनने समजावून दाखवा म्हणावं, आणि उत्तर आल्याशिवाय पुढच्या प्रश्नावर जाऊ देऊ नका.