गांजातील द्रव्यांमुळे क्लेशदायक आठवणी पुसल्या जातात का?

अपघाताची आठवण गांजाने कायमची पुसली जाते का, असे आपण विचारले आहे. मी औषधशास्त्र शिकवतो, आणि माझे उत्तर असे की आठवण पुसली जात नाही. तिच्याभोवतीची भीती ओसरण्याची जी प्रक्रिया मेंदूत असते, तिच्यावर मात्र ही द्रव्ये परिणाम करतात.

उंदराला एक ठरावीक आवाज ऐकवून लगेच पायाला विजेचा झटका दिला, की पुढे नुसत्या आवाजानेही तो थिजतो. श्वासाखेरीज त्याची कसलीही हालचाल होत नाही. झटका न देता तोच आवाज वारंवार ऐकवला, तर ही भीती हळूहळू कमी होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की ज्या उंदरांच्या मेंदूत सीबी-१ नावाचे ग्राही (ठरावीक द्रव्ये जिथे येऊन चिकटतात अशी पेशींवरील प्रथिने) नव्हते ते घाबरायला इतरांप्रमाणेच शिकले, परंतु त्यांची भीती सहजी ओसरेना. गांजातील टीएचसी हे नशा आणणारे मुख्य द्रव्य याच ग्राहींवर काम करते. मुळात हे ग्राही मेंदूच्या स्वतःच्या द्रव्यांसाठी आहेत, आणि त्यांपैकी १९९२ मध्ये सापडलेल्या ॲनंडमाइडचे नाव तर आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरूनच ठेवलेले आहे.

भीती ओसरते तेव्हा 'आता धोका नाही' ही नवी आठवण तयार होते; जुनी तशीच राहते आणि जागा बदलली की पुन्हा डोके वर काढते. २०१३ मधील एका प्रयोगात निरोगी माणसांना भीती ओसरण्याच्या अशा शिकण्याआधी कृत्रिम टीएचसीची एकच मात्रा दिली, तेव्हा ती नवी आठवण दुसऱ्या दिवशी अधिक चांगली टिकलेली आढळली. सीबीडी या गांजातील नशा न आणणाऱ्या द्रव्याबाबतही असेच आशादायक निष्कर्ष आहेत, जरी त्याचे कार्य वेगळ्या मार्गाने चालते.

यावरून गांजा ओढणे हाच उपचार, असा अर्थ कृपया काढू नका. त्या प्रयोगात मात्रा व वेळ ठरलेली होती आणि मुख्य काम त्या शिकण्याचे होते. आघातोत्तर ताणविकार (भयंकर प्रसंगानंतर त्याची भीती व ताण टिकून राहण्याचा आजार, पीटीएसडी) असलेल्या माजी सैनिकांवरील चाचणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तीन आठवडे गांजा ओढणाऱ्यांना निष्क्रिय नमुना ओढणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. शिवाय टीएचसीची मात्रा वाढली की चिंता उलट भडकते, आणि नित्य सेवनाने सीबी-१ ग्राहींची संख्याही घटते.

आपण आधीच गांजा घेत असाल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते अवश्य सांगा. कारण सेवन थांबवल्यावर काही काळ झोप बिघडते, स्वप्ने फार तीव्र पडतात, आणि मूळ आजारच बळावला असा गैरसमज होऊ शकतो.