वाचक विचारतात : युरोपातले बिल्डर प्रदूषण कर भरतात की नाही?

प्रश्न : युरोपीय देशांच्या पर्यावरण करांचा तक्ता पाहिला. बांधकाम क्षेत्रापुढे प्रदूषण कराचा आकडा अगदीच किरकोळ. तिथेही बिल्डरांना सूट असते का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : आकडा लहान असण्याचं मुख्य कारण सूट नाही. युरोस्टॅट ही युरोपीय संघाची आकडेवारी संस्था पर्यावरण कर चार खात्यांत मांडते : ऊर्जा, वाहतूक, प्रदूषण आणि नैसर्गिक संसाधनं. डंपरमध्ये भरलेल्या डिझेलवरचा कर ऊर्जेत जातो, डंपरच्या नोंदणीचा वाहतुकीत. प्रदूषणाच्या खात्यात मुख्यतः कचरा आणि सांडपाणी यांवरचे कर उरतात. ते खातं एकूणच लहान आहे.

आता त्यातला कचऱ्याचा कर बघा. ब्रिटनने १ ऑक्टोबर १९९६ पासून कचरा जमिनीत पुरण्यावर कर लावला. सरकारकडे तो भरतो डम्पिंग ग्राउंड चालवणारा, पण गाडी आत घेताना तो वसूल करतो कचरा आणणाऱ्याकडून. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमधला दर टनामागे १२६.१५ पौंड झाला. गाडीत निव्वळ विटा, काँक्रीट, दगड, माती असेल तर मात्र तेव्हा ४.०५ पौंड! त्यात प्लायवूड, प्लास्टिक, गाद्या मिसळल्या की सगळ्या गाडीला मोठा दर. त्यामुळे साइटवरच माल वेगळा काढणं परवडतं. मला या कराचं मोल इथे वाटतं. लोकांनी पुरणं कमी केलं की वसुली घटते, आणि ती घटावी म्हणूनच हा कर आहे.

हे मी पोटतिडकीने लिहितोय. वाशीतली आमची इमारत पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हा डंपर रात्री निघायचे. महिन्याभराने खाडीकाठी फिरायला गेलो तर तिवरांच्या मुळांवर डेब्रिजचा ढीग. त्यात हिरव्या खड्यांची मोझॅक टाइल होती, कोपऱ्यावर आईच्या शिलाई मशीनच्या पायाने पडलेला खळगा. आमच्याच पुढच्या खोलीतली! चाळीस वर्षं तिच्यावरून चाललो, ओळखायला वेळ लागला नाही.

आपल्याकडे बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याबद्दलच्या २०१६च्या नियमांनीच दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त डेब्रिज काढणाऱ्याला महापालिकेकडून आराखडा मंजूर करून घेणं बंधनकारक केलं. तुमच्या सोसायटीचा करार व्हायचा असेल, तर डेब्रिज कुठे उतरवणार हे त्यात लिहून घ्या आणि प्रत्येक गाडीची पावती मागा. आमच्या करारात पार्किंगवर तीन पानं होती, डेब्रिजवर एक ओळही नव्हती.