मेपिरामिन हाती घेण्याआधी

तू पहिल्यांदाच गिनी पिगच्या आतड्याच्या तुकड्यावर मेपिरामिन हे हिस्टामिनविरोधी औषध वापरणार आहेस, तेव्हा एक गोष्ट आधी पक्की कर. हे औषध हिस्टामिन, म्हणजे आतडं आकुंचवणारं रसायन, नष्ट करत नाही. पेशीवरच्या एच१ रिसेप्टरवर, म्हणजे हिस्टामिन जिथे बसून काम करतं तिथे, हिस्टामिनची जागा अडवतं. म्हणून हिस्टामिन वाढवत नेलं की आकुंचन पुन्हा पूर्ण उंची गाठतं, मात्रा आणि आकुंचनाचा आलेख फक्त उजवीकडे सरकतो. माथाच खाली बसला, तर ऊतक थकलंय का ते आधी बघ.

घाई मात्र करू नकोस. मेपिरामिनला रिसेप्टरवर बसायला वेळ लागतो. सुरुवातीला मी दोनच मिनिटं थांबायचे आणि रोज वेगळा पीए२ यायचा (हिस्टामिन दुप्पट लागेल एवढ्या मेपिरामिनच्या मोलर तीव्रतेचा ऋण लॉगॅरिदम; आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट). संपर्काचा वेळ वाढवला, प्रत्येक वेळी तेवढाच ठेवला, तेव्हा आकडा ९ च्या आसपास स्थिरावला. म्हणजे जेमतेम १ नॅनोमोलर (१०⁻⁹ मोलर) मेपिरामिन असलं तरी तेवढ्याच आकुंचनाला हिस्टामिन दुप्पट लागतं. पकड किती घट्ट आहे बघ!

मध्ये अ‍ॅसिटिलकोलिनचाही एक डोस देत जा; ते वेगळ्या रिसेप्टरवरून आतडं आकुंचवतं. तो प्रतिसाद जसाच्या तसा राहिला, तरच अडथळा एच१चा म्हणायचा. जठरातलं आम्ल मात्र याने थांबत नाही. तो हिस्टामिनच्या दुसऱ्या रिसेप्टरचा, एच२चा प्रांत, १९७२ मध्ये औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या गटाने ब्युरिमामाइड हे एच२ अडवणारं औषध वापरून उलगडलेला.