घोडी लंगडतेय, आणि ते म्हणतात आधी बिल भरा

प्रश्न : आम्ही दादर-परळकडचे चौघे मित्र. वर्गणी काढून दोन वर्षांपूर्वी शर्यतीची एक घोडी घेतली. महालक्ष्मीला ट्रेनरकडे होती. पुढच्या डाव्या पायाला सूज आली तेव्हापासून, म्हणजे दोन महिने झाले, ती पळालेली नाही. परवा कळलं की ती रेसकोर्सवर नाहीच, मालाडच्या पुढे खाडीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. गेलो तर बरगड्या मोजता येत होत्या, पाण्याची बादली कोरडी. तिथला माणूस स्वतःला ट्रेनरचा भागीदार म्हणवतो, पण त्याच्याकडे लायसन्स नाही. घोडी मागितली तर म्हणतो, आधी 1,85,000 रुपयांचं बिल भरा. पोलिसांत जावं, की पैसे भरून मोकळं व्हावं? फोटो आणि बिलं सोबत जोडली आहेत.

उत्तर : पोलिसांचं नंतर बघू. तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठंच आलेली नाही, ती आधी सांगतो. या घोडीच्या हालांबद्दल उद्या तुम्हा चौघांनाही जाब विचारला जाऊ शकतो.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा आहे. त्यात ‘मालक’ या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे. ज्याच्या ताब्यात जनावर आहे तोही मालकच, मग ताबा खऱ्या मालकाच्या संमतीनं असो वा नसो. म्हणजे शेडवाला सुटत नाही. पण कलम 11(2) तुमच्यासाठी आहे : वाजवी काळजी आणि देखरेख ठेवली नाही, तर त्या कसुरीपायी मालकही दोषी. नुसत्या या कारणावरून दंडाचा पर्याय न ठेवता तुरुंगात टाकता येत नाही, एवढाच दिलासा. परवापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, हे म्हणणं चालून जाईल. आता तुम्ही बादली पाहिलीत, फोटो काढलात. आजपासून गप्प बसलात तर ते अंगाशी येईल.

या कायद्याला दात किती, तेही ऐका. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आपल्याकडे गाडी चुकीच्या जागी लावली तरी जास्त पडतात. शिवाय उपाशी ठेवणं किंवा जखमी जनावर कामाला लावणं हे अदखलपात्र, त्यामुळे पोलीस ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि हातात कागद देतील. तरीही ती एनसी करा. कारण कलम 36 प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो, नंतर गेलात तर वरातीमागून घोडं. दोन महिने आधीच गेलेत.

भारतीय न्याय संहितेचं कलम 325 जड आहे. जनावर मारणं, विष देणं, लुळं किंवा निकामी करणं याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा दखलपात्र. पण त्यासाठी हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. दुखरा पाय इंजेक्शननं बधिर करून तिला पळवलं, असं पशुवैद्यानं लेखी दिलं तर तो रस्ता उघडेल. निव्वळ संशयावर तिकडे जाऊ नका.

खरी नाडी लायसन्समध्ये आहे. महालक्ष्मीच्या शर्यती भरवणारा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब ट्रेनरला लायसन्स देतो आणि क्लबचे स्टुअर्ड्स, म्हणजे शर्यतींवर देखरेख ठेवणारे अधिकारी, ते काढूनही घेऊ शकतात. 50 रुपयांच्या दंडाला न भिणारा माणूस याला भितो, कारण पोट त्यावर आहे. स्टुअर्ड्सना लेखी तीन प्रश्न विचारा : या घोडीचा ट्रेनर म्हणून कोणाचं नाव नोंदलंय, ती रेसकोर्सबाहेर कोणत्या तारखेला गेली, आणि कोणाच्या सहीनं. पोच घ्या. मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यात कलम 394 आहे, तबेल्याला पालिकेचा परवाना लागतो. 2015 मध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालातही तबेल्यांच्या परवान्याचा मुद्दा होता. तेव्हा वॉर्ड ऑफिसलाही एक अर्ज टाका.

आता बिल. 1872च्या करार कायद्याचं कलम 170 सांगतं की ज्यानं वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं, तो मेहनताना मिळेपर्यंत ती अडवून ठेवू शकतो. शिंप्यानं कोट अडवावा तसं. (कायद्याला घोडी ही ‘वस्तू’च; कायद्याच्या या भागातल्या उदाहरणांत घोडे जागोजागी भेटतात.) घोडी तयार करणं हे कौशल्य खरंच. पण लंगड्या घोडीला शेडमध्ये चंदी घालणं कौशल्यात बसवणं अवघड आहे, आणि इथं तर चंदीही घातलेली दिसत नाही. तेव्हा दुखापतीआधीची ट्रेनिंग फी वाजवी असेल तर बँकेतून भरून टाका. दुखापतीनंतरच्या दोन महिन्यांची रक्कम हरकत नोंदवून रोखा.

बिलातली एक ओळ तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. या दोन महिन्यांत नालबंदी दोनदा लावली आहे. फोटोत डावं खूर बघा : नालेच्या कडेबाहेर वाढून पुढं आलंय. कामावरच्या घोड्याची नाल साधारण चार ते सहा आठवड्यांनी बदलतात. हे खूर बघून तिथं नालबंद बराच काळ फिरकलेला वाटत नाही. पशुवैद्याला हे वाक्य अहवालात लिहायला सांगा. तो अहवाल आला की अख्ख्या बिलाची पत जाते. फोटो ज्या फोनमधून काढलेत तो बदलू नका, विकू नका. न्यायालयात 2023च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे या डिजिटल फोटोंसाठी प्रमाणपत्र जोडावं लागेल.

ट्रेनरला आणि शेडवाल्याला घोडी परत मागणारी लेखी नोटीस पाठवा. तिच्यावर चौघांच्याही सह्या हव्यात. एक जण बाहेर राहिला की ट्रेनर म्हणणार, ‘त्यांना विचारूनच हलवली.’ सात दिवसांत घोडी दिली नाही तर 1963च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याखाली ताब्यासाठी दिवाणी दावा, आणि दावा चालू असताना उपचारांसाठी हलवण्याचा अंतरिम अर्ज. रात्री टेम्पो घेऊन जाऊन कुलूप तोडायचं मनात असेल तर ते काढून टाका. आज तुमची बाजू स्वच्छ आहे.

आधी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये फोन करून घोड्याची तपासणी जागेवर येऊन होईल का विचारा. नाही म्हणाले तर घोड्यांचा खाजगी पशुवैद्य शोधा, पण येत्या शनिवारच्या आत. जाताना गवताचे दोन भारे आणि चंदी घेऊन जा, दुकानदाराकडून तारखेची पावती घ्या. शेडवाल्यानं आत घेऊ दिलं नाही तर तेही तिथंच, त्याच क्षणी त्याच्या व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. कलम 11(2) मधली ‘वाजवी काळजी’ दाखवायला तो मेसेज आणि ती पावती, दोन्ही लागतील.